मल्लय्यामामांची सात मिनिटं

मल्लय्यामामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडात घड्याळ होतं. कुणा गिऱ्हाईकाचं, साखळीचं, खिशात ठेवायचं, जुनं चांदीचं घड्याळ. त्याची कडी दातांत घट्ट धरून, डोळे मिटून, ते पाटावर मांडी घालून बसले होते आणि घड्याळ हनुवटीखाली लोंबत होतं. मी दारातून नमस्कार केला, उत्तर नाही. आवाज चढवून पुन्हा केला, तरी नाही. ओसरीवर विड्या वळत बसलेल्या बाईंनी मान वर न करता मला सांगितलं, "जरा थांबा ताई. ते ऐकायलेत."

मिनिटभरानं त्यांनी डोळे उघडले, घड्याळ काढून सदऱ्याला पुसलं आणि माझ्याकडे बघत, जणू मीच विचारलं होतं अशा थाटात म्हणाले, "लंगडतंय. डावीकडं पाय टाकतंय, उजवीकडं ओढतंय."

हा माणूस ठार बहिरा आहे हे मला तेव्हा कळलं. तीस वर्षं त्यांनी गिरणीत जॉबर म्हणून साचे, म्हणजे गिरणीतले माग, दुरुस्त केले होते. त्या खडखडाटात कान गेले, मग गिरणीही गेली, आणि मामांनी पेठेतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे बसून हा धंदा शिकून घेतला. कान नसलेल्या माणसानं घड्याळजी व्हायचं म्हणजे पांगळ्यानं पोस्टमन होण्यासारखं. पण दातांतून हाडात आणि हाडातून डोक्यात टिकटिक पोचते हा शोध त्यांना लागला होता. "कानानं ऐकनाऱ्याला आवाज कळतो," ते म्हणायचे, "दातानं ऐकनाऱ्याला दुखनं कळतंय."

भवानी पेठेतलं त्यांचं घर घड्याळांसाठी शोधूनही सापडणार नाही इतकं वाईट होतं. डाव्या भिंतीला यंत्रमाग, उजव्या भिंतीला यंत्रमाग. भिंती हादरायच्या आणि हवेत सुताचा बारीक तूस सदा तरंगत असायचा. घड्याळात तूस गेला की ते थांबलंच. म्हणून घड्याळ खोलून सुटं करायचं नाजूक काम मामा फक्त माग बंद असले की करायचे, म्हणजे सुट्टीच्या दिवशी किंवा वीज गेली की. सगळी गल्ली वीज गेली म्हणून शिव्या घालायची तेव्हा हे गृहस्थ आनंदानं भिंग डोळ्याला लावायचे.

आणि पंखा नाही! सोलापूरचा उन्हाळा, पत्र्याचं छप्पर, आणि खोलीत पंखा असून लावायचा नाही, कारण वाऱ्यानं घड्याळातले खिळे उडतात. तिळाएवढेही नसणारे ते खिळे आणि चाकं मामा चिमट्यानं एकेक काढायचे, पांढऱ्या कागदावर डावीकडून उजवीकडे ओळीनं मांडायचे आणि प्रत्येकावर काचेचा पेला पालथा घालायचे. वीस-बावीस पालथे पेले. खोली बघून वाटावं, इथं मुंग्यांना कोंडून ठेवलंय. काम करताना तोंडानं सारखं "मेल्लगा, मेल्लगा" चालायचं, म्हणजे त्यांच्या तेलुगूत हळूहळू. ते स्वतःला सांगत होते की खिळ्याला, मला कधी समजलं नाही. घाई केलेली त्यांना खपत नसे. कोणी "कधी मिळेल?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "घाई हाय? मग मोबाईलमधी टाईम बगा की."

आता मी तिथं का गेले ते सांगते. आई गेल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी होटगीहून कुंभारीला माझ्या घरी आणलं. वय शहाऐंशी, रेल्वेच्या माल कचेरीत जन्म गेलेला, प्रकृती ठणठणीत, जिभेला धार. त्यांच्या वडिलांचं चांदीचं घड्याळ रोज सकाळी उशाखालून काढायचं, त्याला चावी द्यायची, मग रेडिओ लागायचा, मग चहा. हा क्रम मी जन्मल्यापासून बघत होते. एक दिवस घड्याळ बंद पडलं. दुसऱ्या दिवशी सहाला उठणारे अण्णा सातला उठले, तिसऱ्या दिवशी आठला, आणि महिन्याभरात अशी पाळी आली की दहा वाजले तरी माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. "उठून काय करू?" एवढंच ते म्हणायचे. मी तापट बाई. आधी रागावले, मग रडले, आणि मग ठरवलं की काही झालं तरी हे घड्याळ चालू करायचं. शहरातल्या तीन दुकानांनी ते हातात घेऊन परत केलं. चौथा पत्ता शेजारणीनं दिला. ती विडी कारखान्यात मामांच्या बायकोची, अनसूयाअक्कांची, जोडीदारीण होती.

मामांकडे बोलायची सोय म्हणजे शाळेतली पाटी. गिऱ्हाईकानं लिहायचं, मामांनी वाचून तोंडानं उत्तर द्यायचं. मी लिहिलं, "आपोआप बंद पडलं." मामांनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि हसू लागले.

"पडलं न्हवतं?"

मी मान हलवली, नाही.

"ह्यातलं डोलतं चाक बगा. त्याचा आस मोडलाय. मग काय, ह्यानं सोताहून उडी घेतली व्हय?" आणि अक्कांकडे वळून, "अगं, अजून एक आलं बग, न पडलेलं."

घरी येऊन अण्णांना विचारलं. खूप आढेवेढे घेऊन त्यांनी कबूल केलं की पडलं होतं, न्हाणीघरात, त्यांच्याच हातून. मामांचं म्हणणंच होतं, घड्याळ खोटं बोलत नाही, मालक बोलतो.

तो आस बाजारात मिळणार नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या घड्याळाचा भाग आज कोण बनवणार? मामांनी तो स्वतः लहानशा लेथवर पोलादाच्या तुकड्यातून कातायचं ठरवलं. जाडी केसाएवढी, आणि टोकं त्याहून बारीक. पहिला मोडला. दुसरा मोडला. मी दर पंधरा दिवसांनी कुंभारीहून बसनं जायची आणि मामा मला मोडलेला आस भिंगातून कौतुकानं दाखवायचे, जणू नातवाचा फोटो. एकदा मी त्यांच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली. डबा उघडायच्या आत मामा ओरडले, "भाईर! भाईर न्या, तेल हाय त्यात!" मग स्वतः ओसरीवर येऊन चवीनं खाल्लं, साबणानं दोनदा हात धुतले, बोटांचा वास घेतला आणि तिसऱ्यांदा धुतले.

त्याच दिवशीची गोष्ट. मी घरी पोचते न पोचते तोच अक्कांचा फोन. "ताई, आल्या तशाच उभ्या ऱ्हावा. हलू नका. एक खिळा गायब हाय. निऱ्या झाडा, चादरीवर झाडा, पांढऱ्या." मामांच्या खोलीत केर आठ दिवस टाकायचा नाही, लोहचुंबक फिरवून चाळून मगच टाकायचा असा कायदा होता, पण गिऱ्हाईकाच्या अंगावरून माल पळतो त्याला काय करणार? मी दिवाणखान्यात चादर पसरून त्यावर उभी राहून साडी झाडू लागले. अण्णा पलंगावरून बघत होते. कित्येक महिन्यांनी त्यांनी आपणहून प्रश्न विचारला, "काय गं, मुंगळा चावला का?" खिळा शेवटी माझ्या चपलेच्या तळाला चिकटलेला निघाला. तो शोधायला अण्णा पलंगावरून उतरून गुडघ्यांवर बसले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड, पण मला आशा वाटली.

आठ महिन्यांनी, सहाव्या आसावर, घड्याळ चाललं. मामांनी ते दातांत धरलं आणि मिटल्या डोळ्यांनी हसले. मग त्यांनी त्यांचा एक रिवाज पार पाडला. घड्याळजी लोक दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या झाकणात आतून सुईनं बारीक खूण कोरतात. अण्णांच्या घड्याळात अशा चार खुणा आधीच होत्या, चार वेगवेगळ्या हातांच्या. मामांची खूण म्हणजे मागाचा धोटा, दोन्हीकडे टोक असलेला. पण ती ते सगळ्यांना देत नसत. चोवीस तासांत अर्ध्या मिनिटाहून जास्त चुकणार नाही त्याच घड्याळाला धोटा मिळायचा. बाकीची घड्याळं चालती करून द्यायचे, पण त्यांत नाव नाही. "खून म्हंजे जबान," ते म्हणाले आणि धोटा कोरला. "ताई, आता रेडिओ चुकंल, हे चुकायचं न्हाय."

मी पेढे घेऊन घरी आले. अण्णांनी घड्याळ कानाला लावलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की माझे आठ महिने वसूल झाले. दुसऱ्या दिवशी सहालाच उठले! चावी दिली, रेडिओ लावला, बातम्यांआधीचे ठोके वाजले, घड्याळाकडे बघितलं. बघतच राहिले. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी रेडिओ लावला नाही. पाचव्या दिवशी घड्याळ टेबलाच्या खणात गेलं आणि अण्णा पलंगावर.

"अण्णा, चांगलं चालतंय की!"

"चालतंय. कोण नाही म्हणतंय?"

"मग?"

"माझं नाही ते."

मला असा संताप आला! तशीच तडक भवानी पेठेत गेले आणि पाटीवर सगळं लिहून काढलं, बापाची यथेच्छ निंदा केली. मला वाटलं, मामा माझी बाजू घेतील. मामांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "आधी हे किती मागं जायाचं?"

मी लिहिलं, दिवसाला सात मिनिटं.

"मग सकाळी कसं करायचे?"

मी लिहू लागले. सकाळी अण्णा चावी द्यायचे. आई स्वयंपाकघरातला रेडिओ लावायची. ठोके वाजले की तिथूनच ओरडायची, आज किती? अण्णा म्हणायचे, सात. आणि काटा सात मिनिटं पुढे सरकवायचे. मग आई चहा आणायची.

लिहिता लिहिता माझा हात थांबला. लहानपणापासून मी हे रोज ऐकलं होतं, इतकं की ऐकूच येत नव्हतं. माझे आईवडील काही फार बोलणाऱ्यांतले नव्हते. दिवसभरात भाजी, पाहुणे, औषध एवढंच. पण हे दोन शब्द साठ वर्षांत कधी चुकले नव्हते. ती गेल्यावरही अण्णा रोज ठोके ऐकून, बघून, स्वतःशी काहीतरी पुटपुटून काटा सरकवत होते. आता घड्याळ बरोबर होतं. विचारायला काही नव्हतं आणि सांगायलाही काही नव्हतं. मी त्या परक्या ओसरीवर पाटी मांडीवर ठेवून हमसून रडले.

मामांनी पाटी ओढून घेतली, वाचली आणि स्वतःच पुसली. "अय्यो," ते हळूच म्हणाले. "म्हंजे मी नीट केलं ते मोडलं."

मी पाटी घेऊन लिहिलं, परत सात मिनिटं मागे करता येईल? आत एक बारीक दांडी असते, ती सरकवली की घड्याळ हळू किंवा जलद होतं, एवढं मला आता ठाऊक झालं होतं.

मामांचा चेहरा एकदम बदलला. "न्हाय. माझी खून हाय आत. उद्या कोनी उघडंल तर काय म्हनंल? मल्लय्यानं असलं केलं? मागाच्या मुकादमाला मी कधी वाकडा साचा दिला न्हाय. खोटं घड्याळ माझ्या हातनं जायाचं न्हाय ताई." आणि भिंग लावून दुसऱ्या घड्याळात डोकं घातलं. मी उठून आले. रागही येईना. ते त्यांच्या जागी बरोबरच होते.

आठ दिवसांनी अक्कांचा फोन आला. "घड्याळ घेऊन या ताई. ह्यांचं जेवनात ध्यान न्हाय. झोपंत सुदीक सात सात करायलेत."

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम, दांडी सरकवली की झालं. त्याला तीन आठवडे लागले. दांडी केसभर हलवायची आणि चोवीस तास थांबायचं. पहिल्यांदा नऊ मिनिटं मागे गेलं. मग पाच. मग आठ. मग एकदा चक्क दोन मिनिटं पुढे. आयुष्यभर ज्यांनी अर्ध्या मिनिटासाठी जीव टाकला ते मामा घामानं डबडबून सात मिनिटांची चूक शोधत होते. "बरोबरची जागा येकच असती," ते मला म्हणाले. "चुकायला जागा ढीग. त्यातली तुमच्या आईची कंची ते हुडकायचं. लई अवघड काम दिलंव तुमी." पण असं म्हणताना ते इतके खुशीत होते की अक्काही विडी वळायचं थांबवून त्यांच्याकडे बघत होत्या.

घड्याळ द्यायला मामा स्वतः आले. सकाळी साडेसहाला, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, पहिल्या बसनं कुंभारीला. "काल घरी अण्णाच्या टायमालाच बरोबर लावून ठिवलंय, आज किती मागं पडतंय बगायचं," म्हणाले. अण्णा पलंगावर उठून बसले होते, पण तोंडावर नाराजी होती. मामा शेजारच्या खुर्चीवर बसले. मी रेडिओ लावला. ठोके वाजले. मामांना ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांनी अण्णांच्या तोंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी होऊन गेलंय हे त्यांना समजलं, आणि बहिरी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात ते ओरडले,

"आज किती?"

अण्णा दचकले. त्यांनी घड्याळात पाहिलं. मग मामांच्या कानांकडे पाहिलं, आणि एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं वर केली. "सात," ते म्हणाले. मामांसाठी बोटं होती. शब्द कुणासाठी होता ते मला माहीत होतं. त्यांनी काटा पुढे सरकवला आणि मला म्हणाले, "बसलीस काय? चहा टाक. पाहुणा आलाय घरी."

मी चहा घेऊन आले तेव्हा घड्याळ पुन्हा मामांच्या हातात होतं. मागचं झाकण उघडून, भिंग लावून ते सुईनं काही कोरत होते. मला वाटलं, आपला धोटा खोडताहेत. मन धास्तावलं. पण धोटा जागेवर होता. त्याच्याखाली त्यांनी मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत लिहिलं होतं, "७ मागे. मुद्दाम. सरळ करू नये."

"आमी काय जलमभर न्हाय," मामा बशीत चहा ओतत म्हणाले. "पुढं कोनतरी उघडनारच. अडानी असला तर भ्या न्हाय, तो काय करनार? पन कोन तरी शाना भेटला तर येका दिसात बरोबर करून ठिवंल. त्याच्यासाटी लिवलंय."

पुढची दोन वर्षं मामा अधूनमधून यायचे, घड्याळाची तब्येत बघायला. ते दोघं म्हातारे ओसरीवर बसायचे. अण्णा रेल्वेच्या गोष्टी सांगायचे, ज्या मामांना ऐकू येत नसत, आणि मामा गिरणीच्या गोष्टी सांगायचे, ज्या अण्णा ऐकून घेत नसत. दोघांचं उत्तम चालायचं.

गेल्या उन्हाळ्यात मामा दुपारच्या झोपेतच गेले. अक्कांचा फोन आला तेव्हा मी अण्णांना कसं सांगावं म्हणून घुटमळले, पण त्यांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं. मला फार वाईट वाटलं. माझा बाप मला परत मिळवून देणारा माणूस गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके वाजले, अण्णांनी घड्याळ हातात घेतलं, बघितलं आणि काटा न सरकवता तसंच खिशात ठेवून दिलं. दिवसभर ते घड्याळ मागेच चाललं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. रेडिओ मीच लावला होता. ठोके वाजून गेले. मग मीच ओट्यावरून, आईइतक्या मोठ्या आवाजात विचारलं, "आज किती?"

"चौदा," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही दिवसांचा काटा एकदम पुढे सरकवला.